घरच्या वर्कशॉपची पहिली खरेदी



गेल्या काही महिन्यांपासून गटाच्या बैठकीत एक प्रश्न पुन्हा पुन्हा येतोय. "ताई, पापड, लोणचं, शिलाई हे सगळ्याच करतात. आम्ही ग्रिल, स्टँड, गव्हाणी असं लोखंडाचं काम घरीच सुरू केलं तर? मशीन कोणती घ्यायची? पैसे किती घालायचे?" आज त्याच विषयावर बोलू.

आपलं चितेगाव पैठण रस्त्यावरचं. एका अंगाला बिडकीन, दुसऱ्या अंगाला छत्रपती संभाजीनगर शहर. इथल्या कितीतरी घरांत कुणी ना कुणी कारखान्यात हात काळे केलेलं आहे. माप घेणं, पाइप कापणं, टाका मारणं घरातल्या माणसाला येतं. नवरा सुट्टीच्या दिवशी दारात वेल्डिंग करतो आणि पाइप धरायला बायको उभी राहते. म्हणजे हे काम आपल्या घरात आधीच आहे. फक्त आपण धरणाऱ्या आहोत, करणाऱ्या नाही.

"बायकांना हे जमेल का?" असं कुणी विचारलं तर बाजाराच्या दिवशी घिसाडी समाजाच्या पालावर जाऊन बघा. गडी सांडशीत तापलेलं लोखंड धरतो आणि घण बाई मारते. पिढ्यान्‌पिढ्या मारते. पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. तिथे शेती, वीज, घर-आरोग्य यांच्या बरोबरीने वेल्डिंगही शिकवतात आणि मुली ते शिकतात. तेव्हा जमण्याचा प्रश्न सोडून देऊ. प्रश्न आहे तो गटाचा पैसा बुडणार नाही आणि कुणाचा डोळा किंवा बोट जाणार नाही, अशी खरेदी कशी करायची हा.

आधी काम ठरवा

दुकानात गेल्यावर दुकानदार विचारतो, "बजेट किती?" त्याआधी आपणच आपल्याला विचारायचं, "बनवणार काय?" कारण मशीन कामावरून ठरते.

माठाचं स्टँड, तुळशीचं स्टँड, कुंड्यांचं स्टँड हे सळईचं काम. शेळ्यांची गव्हाण, भांड्यांचं रॅक, छोटं फाटक हे अँगल आणि चौकोनी पाइपचं काम. कोंबड्यांच्या खुराड्याला पाइप आणि जाळी लागते. या सगळ्यात लोखंडाची जाडी दीड मिलिमीटरपासून पाच-सहा मिलिमीटरपर्यंत असते. एवढ्या कामाला मोठी मशीन लागत नाही. ट्रॅक्टरची ट्रॉली किंवा शेडचे मोठे खांब करायचे असतील तर गोष्ट वेगळी, पण पहिल्या वर्षी त्या वाटेला जाऊ नये.

पाइप घेताना 'गेज' विचारतात. गेजचा आकडा जितका मोठा, तितका पाइप पातळ. १८ गेजचा पाइप सव्वा मिलिमीटरच्या आसपास भरतो. नवशिक्या हाताने त्यावर वेल्डिंग केलं की भोक पडतं. शिकताना १६ किंवा १४ गेजचा घ्या. पाइपमागे पैसे जास्त जातील, पण माल वाया जाणार नाही.

कापायला काय घ्यायचं

सगळ्यात स्वस्त कटर म्हणजे हॅक्सॉ. हाताने चालवायची, वीज नको, ठिणगी नाही. दिवसाला दोन-चार तुकडे कापायचे असतील तर तीच पुरते. शिवाय पाइप वीस फुटांचा येतो आणि बरेचसे लोखंडवाले मापाने कापून देतात. कागदावर मापं लिहून न्या आणि तिथेच कापून घ्या. पहिल्या महिन्यात असं केलं तरी धंदा चालतो.

त्यानंतर विकत घ्यायची पहिली वीजमशीन म्हणजे चार इंची ग्राइंडर. एकाच मशीनवर चकती बदलून कापता येतं, वेल्डिंगचा उंचवटा घासता येतो, गंज काढता येतो. ७०० ते ८५० वॅटची मशीन घरकामाला भरपूर झाली. साधारण दीड हजारापासून साडेतीन हजारांपर्यंत मिळते. घेताना चार गोष्टी बघा. हातात धरून वजन पेलतं का? बाजूचं हँडल आणि चकतीवरचं लोखंडी कव्हर, म्हणजे गार्ड, सोबत आहे का? बटण हातमोजा घालूनही लगेच बंद होतं का? आणि त्या कंपनीचं दुरुस्ती केंद्र शहरात आहे का? ग्राइंडरमध्ये कार्बन ब्रश झिजतात. ते स्वस्तात बदलून मिळतात, पण त्या मापाचे मिळायला हवेत. म्हणून मशीन घेतानाच एक जास्तीची जोडी मागून घ्या.

जुनी मशीन स्वस्तात मिळत असेल तर आधी वीज लावू नका. पुढचा दांडा, ज्यावर चकती बसते, तो हलवून बघा. डुलत असेल तर ती मशीन परत ठेवा. वायरला चिकटपट्ट्या असतील, गार्ड नसेल, तरीही परत ठेवा.

आता चकतीबद्दल, कारण इथेच अपघात होतात. चकतीवर फेऱ्यांचा आकडा छापलेला असतो. मशीनवरही असतो. चकतीवरचा आकडा मशीनच्या आकड्यापेक्षा मोठाच हवा. चार इंची ग्राइंडर मिनिटाला ११,००० च्या आसपास फेरे फिरते आणि चांगल्या चार इंची चकतीवर १५,००० च्या वरचा आकडा असतो. चौदा इंची चकतीवर तो साधारण ४,३०० असतो. जुनी मोठी चकती झिजून लहान झाली म्हणून ती छोट्या मशीनवर लावली तर ती फुटून उडते. पाच इंची चकती बसावी म्हणून गार्ड काढून टाकतात, तेही तसंच. आणि लाकूड कापायची दातेरी पाती ग्राइंडरवर कधीच लावायची नाही. ती लोखंडात अडकली की मशीन उसळून अंगावर येते.

कापायची पातळ चकती घासायला वापरायची नाही. बाजूने दाब आला की ती तुटते. घासायला जाड चकती वेगळी मिळते. चकतीच्या मधल्या लोखंडी कड्यावर बऱ्याचदा वापरायची शेवटची तारीख छापलेली असते, तीही बघा. ओल लागलेली, खाली पडलेली, कडेला टवका गेलेली चकती सरळ फेकायची. वीस-तीस रुपयांच्या चकतीसाठी बोट पणाला लावायचं नाही.

चौदा इंची कटिंग मशीन दुसऱ्या टप्प्यावर घ्यायची. एकाच मापाचे पन्नास-साठ तुकडे वरचेवर लागायला लागले की तिची गरज पडते. ती सात-आठ हजारांच्या पुढे जाते आणि आवाजही दांडगा करते. गॅस कटिंगचा सेट मात्र घरात नकोच. ऑक्सिजनची टाकी आणि स्वयंपाकाचं सिलिंडर जोडून काम करणारे लोक आहेत. घरगुती सिलिंडर धंद्याला वापरणं बेकायदाही आहे आणि घर उडवणारंही. जाड पत्र्यातून नक्षी किंवा गोल काढायचा असेल तर वाळूज किंवा चिकलठाण्याच्या एमआयडीसीत जॉबवर कापून देतात. तिथून कापून आणा आणि जोडणी घरी करा.

वेल्डिंग मशीन

जुन्या पद्धतीची ट्रान्सफॉर्मर मशीन तुम्ही बघितली असेल. चार माणसांनी उचलायची, वीज खूप ओढायची. आता इन्व्हर्टर वेल्डिंग मशीन मिळते. ती पाच-सात किलोची, खांद्याला अडकवून नेता येते, सिंगल फेजवर चालते. घरच्या कामाला हीच घ्यायची. चांगली मशीन साधारण पाच हजारांपासून दहा हजारांपर्यंत मिळते.

पेटीवर '२०० अँपिअर', '३००', '४००' असे मोठमोठे आकडे असतात. आपल्या एका गटाने ४०० चा आकडा बघून स्वस्त मशीन आणली. दहा मिनिटं चालली की ती गरम होऊन बंद पडायची. आकड्याला भुलू नका. आपल्या कामाला अडीच मिलिमीटरचा रॉड लागतो. दुकानात त्याला बारा नंबर म्हणतात. त्याला ७० ते ९० अँपिअर पुरतात. सव्वातीन मिलिमीटरच्या दहा नंबर रॉडला १०० ते १३० लागतात. म्हणजे खरोखर २०० देणारी मशीन आपल्याला रग्गड झाली.

त्यापेक्षा 'ड्यूटी सायकल' किती आहे ते विचारा. साठ टक्के म्हणजे दहा मिनिटांत सहा मिनिटं काम आणि चार मिनिटं विश्रांती. पाटीवर हा आकडाच नसेल तर ती मशीन संशयाची. दुकानातच दहा नंबरचा एक अख्खा रॉड जाळून दाखवायला सांगा. लाजायचं नाही. साडी घेताना आपण घडी मोडून पदर बघतोच की.

सोबत मिळणारा होल्डर आणि अर्थ क्लॅम्प बऱ्याचदा हलका असतो. तो गरम होतो, त्याचा पकडा सैल होतो. तीन-चारशे रुपये जास्त घालून चांगला होल्डर घ्या.

रॉड ६०१३ नंबरचा मागा. शिकायला तो सोपा, सहज पेटतो. रॉडवरच्या लेपाला पापडासारखी ओल लागते. ओला रॉड फडफडतो आणि टाका सच्छिद्र येतो. म्हणून उघडलेलं पाकीट घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा.

आणि शिवणकाम येणाऱ्या बाईला एक गोष्ट सांगावी लागत नाही. आधी कच्चा टाका, मग पक्की शिलाई. इथेही तसंच. चारही कोपऱ्यांना छोटे टाके मारायचे, गुण्या लावून काटकोन बघायचा, मगच पूर्ण वेल्डिंग करायचं. एकदम एका बाजूने केलं तर लोखंड तापून ओढलं जातं आणि स्टँड डुगडुगतं.

विजेची सोय

अडीच मिलिमीटरचा रॉड जाळताना इन्व्हर्टर मशीन घरच्या लाइनमधून पंधरा अँपिअरच्या आसपास ओढू शकते. पंख्याच्या किंवा टीव्हीच्या बोर्डावर ती लावायची नाही. वायरमनकडून मीटरपासून वेगळी, चार स्क्वेअर मिलिमीटरची तांब्याची वायर, १६ अँपिअरचा सॉकेट, एमसीबी आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून घ्या. अर्थिंग जमिनीत खरोखर घातलेलं आहे का ते तपासून घ्या. मीटरचा मंजूर भार कमी असेल तर महावितरणच्या कार्यालयात वाढवून मागा. घरच्या मीटरवर धंद्याचं काम कुठवर चालेल तेही त्याच वेळी विचारा, म्हणजे पुढे दंडाचा घोर नको.

एक लक्षात ठेवा. आरसीसीबी घरच्या लाइनच्या शॉकपासून वाचवतो, होल्डरच्या शॉकपासून नाही. होल्डरच्या टोकाला काम सुरू नसताना ६० ते ८० व्होल्ट असतात. कोरड्या हाताला ते जाणवणारही नाहीत, पण घामाने भिजलेल्या अंगाला, ओल्या जमिनीवर अनवाणी उभ्या बाईला ते पुरेसे आहेत. पावसात उघड्यावर वेल्डिंग नाही. पायात बूट, खाली लाकडी फळी, हातात कोरडे चामडी मोजे.

दोन माणसं, दोन हेल्मेट

आता सुरुवातीला सांगितलेल्या त्या पाइप धरणाऱ्या बाईकडे येऊ. नवऱ्याच्या डोळ्यांवर काच असते. ती नुसती मान वळवून उभी असते, किंवा डोळ्यांवर पदर घेते. रात्री दोन वाजता डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं, पाणी वाहतं, उजेड सहन होत नाही. वेल्डिंगच्या उजेडातले अतिनील किरण डोळ्यांच्या बाहुलीवरचा पडदा भाजतात. त्रास काही तासांनी सुरू होतो, म्हणून कशाने झालं ते अनेकींच्या लक्षातच येत नाही. मग बटाट्याच्या चकत्या ठेव, दूध घाल, गुलाबपाणी घाल असं चालतं. यातलं काही डोळ्यांत घालू नका. डोळे चोळू नका, डॉक्टरांना दाखवा. बहुतेक वेळा एक-दोन दिवसांत बरं होतं, पण दर वेळी होऊ देणं बरं नाही.

म्हणून हिशेब साधा आहे. कामावर दोन माणसं असतील तर हेल्मेटही दोन. काच दहा किंवा अकरा नंबरची. रॉड पेटला की आपोआप काळी होणारी काच असलेलं हेल्मेट हजार-दीड हजारात मिळतं. नवशिकीला त्याने फार सोपं जातं, कारण डोक्याने झटका देऊन काच खाली पाडावी लागत नाही. पोरंबाळं बघत उभी राहतात. त्यांना नुसतं रागावून भागत नाही, मध्ये जुन्या जाड चादरीचा आडोसा करा. ठिणगी बसणार नाही इतक्या लांब.

ग्राइंडर चालवताना काळी नाही, पांढरी काच हवी. बाजूने बंद असलेला चष्मा घाला. कानात बोळे, तोंडाला मास्क.

कपडे सुतीच. नायलॉनची साडी आणि सिंथेटिक ओढणी ठिणगीने वितळून कातडीला चिकटते. पदर, ओढणी आणि मोकळी वेणी ग्राइंडरमध्ये गुंतते. जुना पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट, सलवार किंवा पँट, केसांना फडकं आणि वर चामडी एप्रन. बांगड्या, अंगठ्या, मंगळसूत्र काम संपेपर्यंत घरात जपून ठेवा. हातातला धातू वीजही ओढतो आणि मशीनमध्येही अडकतो. सासूबाई काही म्हणाल्या तर त्यांना एकदा ग्राइंडर चालू करून दाखवा, त्याच सांगतील काढ म्हणून.

जस्ताचा मुलामा असलेला पत्रा किंवा पाइप जाळला की पांढरा धूर निघतो. तो छातीत गेला तर संध्याकाळी थंडी वाजून ताप भरतो. मुलामा आधी घासून काढा, काम मोकळ्या हवेत करा. गरोदर बाईने आणि दम्याचा त्रास असलेलीने धुराचं काम घेऊ नये. हिशेब, रंगकाम, विक्री ही कामंही गटाचीच आहेत.

आणि जागा. आपल्याकडे दिवाळीनंतर घरात कापूस असतो, अंगणात पऱ्हाट्या आणि कडब्याची गंजी. ग्राइंडरची ठिणगी तीस-पस्तीस फूट जाते. कापूस असलेल्या घरात किंवा गंजीजवळ हे काम अजिबात नाही. पाण्याची बादली आणि वाळूचं घमेलं हाताशी हवं. काम संपल्यावर अर्धा तास कुणीतरी तिथे थांबायचं, कारण धुमसणारी ठिणगी लगेच दिसत नाही. फवारणीचं औषध, डिझेल किंवा ऑइल ठेवलेला पिंप कापायचा नाही आणि जोडायचाही नाही. रिकामा दिसला तरी आत वाफ असते आणि तो फुटतो.

पैशाचा हिशेब

समजा, ग्राइंडर २,५००. वेल्डिंग मशीन ६,५००. दोन हेल्मेट, मोजे, एप्रन, चष्मे २,५००. वायरिंग आणि अर्थिंग ३,०००. गुण्या, टेप, हातोडी, कानस, शिकंजा १,५००. रॉड आणि चकत्या १,०००. झाले १७,०००. भाव दुकानागणिक बदलतील, पण वाटणी बघा. जवळजवळ एक तृतीयांश पैसे जिवाच्या आणि विजेच्या सुरक्षेवर आहेत. पैसे कमी पडले तर या भागात काटछाट करायची नाही. त्यापेक्षा मशीन आणखी दोन महिन्यांनी घ्या.

आता गटाकडून १५,००० कर्ज घेतलं आणि २,००० स्वतःचे घातले असं धरू. दहा महिन्यांची फेड, महिना एक टक्का व्याज. पहिला हप्ता १,५०० मुद्दल आणि १५० व्याज, म्हणजे १,६५०. एका माठाच्या स्टँडमागे लोखंड, रॉड, रंग, वीज वजा जाता १६० रुपये उरतात असं समजा. महिन्याला तीस स्टँड गेले तर ४,८०० मिळतात, हप्ता देऊन ३,१५० हातात राहतात. दहाच गेले तर १,६०० मिळतात. हप्त्यालाही पन्नास कमी आणि मजुरी शून्य. म्हणून आधी गिऱ्हाईक मोजा, मग मशीन. पंधरा-वीस पक्क्या मागण्या वहीत लिहिल्याशिवाय कर्जाचा ठराव करू नका. खात्री नसेल तर पहिले दोन महिने गावातल्या वर्कशॉपवाल्याकडून वेल्डिंग करून घ्या आणि रंग, विक्री स्वतः करा. माल खपतो का ते कमी पैशांत कळेल.

शिकण्यासाठी ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था आहे, तिला आरसेटी म्हणतात. तिथलं प्रशिक्षण मोफत असतं. वेल्डिंगची तुकडी कधी आहे ते उमेदच्या आपल्या प्रभागाच्या कार्यालयातून विचारून घ्या. १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतल्या अठरा व्यवसायांत लोहारकाम आहे. त्यात अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत आणि पाच टक्के व्याजाने पहिल्या टप्प्यात एक लाखापर्यंत कर्ज आहे. एका कुटुंबातून एकालाच मिळतं, म्हणून अर्ज कुणाच्या नावाने करायचा हे घरात बसून ठरवा. घण मारणारी बाईही लोहारच असते. मोठा उद्योग करायचा तर पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात ग्रामीण महिलांना ३५ टक्के अनुदान आहे, स्वतःचे पाच टक्के घालावे लागतात. पण ते नव्या उद्योगाला आहे. आधी मंजुरी, मग खरेदी. आणि कुठलीही मशीन असो, पक्कं बिल घ्या. बिल नसेल तर वॉरंटी नाही आणि बँकेत दाखवायला कागदही नाही.

येत्या बैठकीत एवढ्या गोष्टी वहीत लिहा. काय बनवणार? महिन्याला किती मागण्या पक्क्या आहेत? काम कुठे करणार, तिथे कापूस-कडबा आहे का? अर्थिंग कोण तपासणार? शिकायला कोण जाणार? आणि हेल्मेट किती? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर 'एक' असेल, तर पाइप धरायला कोण उभी राहणार आहे तेही तिथेच विचारा.